पेटीवाल्यांची फटफटी : यामाहा आरडी ३५०, म्हणजेच आपली राजदूत ३५०



जुन्या गाड्यांवर बोलायला लागल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा आहे : "घरी बाबांची राजदूत ३५० ताडपत्रीखाली पडून आहे. भंगारवाला दोनतीनदा विचारून गेला. चालू करावी, विकावी, की तशीच राहू द्यावी?" कधी नागपूरहून विचारतात, कधी बेळगावहून, कधी बडोद्याहून. आमच्या इंदुरात तर लोक मला भाजीबाजारात थांबवून विचारतात. बाबांच्या जागी काका किंवा मामा असतात, एवढाच काय तो फरक.

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. बुलेट पंधरा वर्षं पडून राहिली तरी पेट्रोल, प्लग, पॉइंट बघून किका मारत राहिलं की कुरकुरत का होईना सुरू होते आणि धकून जातं. ही गाडी तशी सुरू केलीत तर कदाचित पहिल्याच किकेला सुरू होईल, तुम्ही खूश व्हाल, आणि पाच-दहा किलोमीटरांत पिस्टन सिलिंडरला धरून बसेल. मागचं चाक जागच्या जागी अडकेल. तेव्हा या इंजिनाच्या पोटात काय चालतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

राजदूत म्हटलं की बऱ्याच जणांना 'बॉबी' सिनेमातली बुटकी गाडी आठवते, नाहीतर दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली दूधवाल्याची १७५. या गाड्यांचं मूळ पोलंडमध्ये. राजदूत ३५० चा त्या घराण्याशी नावापलीकडे काही संबंध नाही. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये यामाहाच्या सहकार्याने ही गाडी बाजारात आणली. टाकीवर नाव राजदूत, आत इंजिन यामाहा आरडी ३५० चं. आणि यामाहा म्हणजे मुळात पेटी बनवणारे लोक.

हो, पेटी. हार्मोनियमची थोरली बहीण म्हणा, पायाने भाता मारायचा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांत गायकाच्या साथीला असायचा, तोच.

तोराकुसु यामाहा या माणसाचा जन्म १८५१ चा, आजच्या वाकायामा भागातला, सामुराई घराण्यातला. वडिलांकडे खगोल आणि जमीन-मोजणीचं काम होतं, त्यामुळे घरात उपकरणं होती. पोरगं मोठं झालं तोवर सामुराईंचे दिवस संपत आले होते. तो नागासाकीला जाऊन घड्याळाचं काम शिकला, मग वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीकडे वळला आणि फिरत फिरत हामामात्सु गावी आला. १८८७ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. गावात ऑर्गन दुरुस्त करणारा कोणी नव्हता, पण घड्याळं आणि दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने ऑर्गन उघडला, बिघाड काढला, आणि आतल्या रचनेची चित्रं काढून घेतली. असला ऑर्गन आपणही बनवू शकतो, हे त्याच्या मनाने घेतलं.

कावाई नावाच्या कारागिराला जोडीला घेऊन त्याने ऑर्गन बनवलाही. आता तो जाणकारांना दाखवायचा तर टोकियो गाठायला हवं. टोकियोची रेल्वे अजून पुरी झालेली नव्हती. या दोघांनी ऑर्गन काठीला बांधला, काठी खांद्यावर घेतली आणि हाकोनेचा डोंगर चढून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत टोकियोच्या संगीतशाळेत नेला. तिथल्या प्रमुखांनी वाजवून बघितला आणि सांगितलं की बांधणी छान आहे, पण सूर चुकलेले आहेत.

इथे दुसरा कोणी असता तर काठी टाकून घरी गेला असता. तोराकुसु तिथेच थांबला, महिनाभर संगीतशास्त्राच्या वर्गात बसला, स्वरांमधली अंतरं म्हणजे काय ते शिकला, आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन बनवला. तो सुरात होता. १८९७ मध्ये निप्पोन गाक्की म्हणजे 'जपान वाद्य' ही कंपनी उभी राहिली. आजही यामाहाच्या बोधचिन्हात तीन चिमटे दिसतात ना? ते चिमटे नव्हेत, सूर लावायचे स्वरकाटे आहेत. गाडीच्या टाकीवर स्वरकाटा मिरवणारी दुसरी कंपनी निदान माझ्या माहितीत नाही.

हे हामामात्सु गावही विलक्षण. सुझुकीने सुरुवात केली ती तिथेच, हातमाग-यंत्रमागांपासून. होंडा कंपनी १९४८ मध्ये तिथेच स्थापन झाली. आपल्याकडे असं समजा की मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या घरातून एक मोटारसायकल निघाली, शेजारच्या इचलकरंजीच्या मागवाल्याने दुसरी काढली आणि पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने तिसरी. तिन्ही पुढे जगभर गेल्या.

वाद्यांपासून मोटारसायकलीपर्यंतची वाट मात्र लढाईतून गेली. पियानोसाठी लाकूड वाकवण्याची, चिकटवण्याची, घासून गुळगुळीत करण्याची कला या कारखान्यात होती. विमानांचे पंखेही त्या काळी लाकडाचेच असत, म्हणून लष्कराने १९२० च्या दशकात ते काम यांना दिलं. पुढे धातूचे पंखे आले, त्यांच्यासाठी नवी यंत्रं आली. १९४५ मध्ये युद्ध संपलं. कारखाना हार्मोनिकांपासून, म्हणजे पुन्हा रीडच्या वाद्यापासून, हळूहळू उभा राहिला. पण पंख्यांची यंत्रं नुसती पडून होती. गेनिची कावाकामी १९५० मध्ये अध्यक्ष झाले. या यंत्रांवर करायचं काय, या प्रश्नाला त्यांनी मोटारसायकल हे उत्तर दिलं. जपानमध्ये त्या वेळी छोटे-मोठे मिळून शेकड्यांनी मोटारसायकलवाले होते. सगळ्यांत उशिरा आलेल्यांपैकी हे एक.

पहिली गाडी वायए-१, १२५ सीसी, टू-स्ट्रोक, १९५५ सालची. तिचा आराखडा जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वर बेतलेला होता. युद्धानंतर या जर्मन गाडीची नक्कल इंग्लंड, अमेरिका, रशिया, सगळ्यांनीच केली. यामाहाने नक्कल करताना तीनच्या जागी चार गिअर दिले आणि रंग-पॉलिश पियानोवाल्यांच्या डोळ्यांनी केलं. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'लाल चतुर'. १ जुलै १९५५ ला यामाहा मोटर ही वेगळी कंपनी झाली, आणि त्याच महिन्यात फुजी पर्वताच्या चढणीच्या शर्यतीत ही गाडी तिच्या गटात पहिली आली. नवीन कंपनीला जाहिरात करण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. तेव्हापासून शर्यतीत शिकायचं आणि दुकानात विकायचं, हा त्यांचा रिवाज झाला.

आता इंजिनाकडे येऊ. आजच्या भागाचा गाभा हाच आहे, इथे घाई नको.

चार-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडायला दुसरा. त्यांची उघडझाप करायला कॅम, साखळी, रॉकर असा सगळा लवाजमा असतो. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वर-खाली होणारा पिस्टन हाच त्यांचा दारवान. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते, कार्बोरेटरमधून मिश्रण तिथे ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये वर चढतं, चढता चढता जुना धूर बाहेर ढकलतं. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणून तेवढ्याच सीसीत ताकद जास्त, आणि म्हणूनच तो सलग आवाज.

पण पिस्टन हा दारवान अडाणी आहे. तो दार उघडतो ते पिस्टन सर्वांत वर पोचण्याआधी जितके अंश, बंद करतो ते त्यानंतर तितकेच अंश. यात त्याला बदल करता येत नाही. इंजिन जोरात पळत असताना दार जास्त वेळ उघडं हवं, म्हणजे पोट भरून मिश्रण आत येईल. तेच दार इंजिन सावकाश चालताना जास्त वेळ उघडं राहिलं तर आत आलेलं मिश्रण पिस्टन खाली येऊ लागताच कार्बोरेटरकडे परत फिरतं. इंजिन अक्षरशः ओकतं. म्हणजे पळण्यासाठी पोर्ट मोठे करा तर गाडी बाजारातल्या गर्दीत गचके देते, गर्दीसाठी लहान करा तर मोकळ्या रस्त्यावर दम संपतो. १९६० च्या दशकातल्या टू-स्ट्रोक गाड्यांचं हे जुनं दुखणं.

एक इलाज पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी शर्यतीसाठी पक्का केला होता : क्रँकच्या टोकाला फिरणारी चकती बसवायची, चकतीला खाच, खाच समोर आली की दार उघडं. आता उघडण्याची आणि मिटण्याची वेळ वेगवेगळी ठेवता आली. यामाहाच्या शर्यतीच्या आरडी ५६ गाडीतही चकतीच होती, आणि त्या गाडीवर फिल रीड १९६४ आणि १९६५ असे दोनदा २५० सीसीचे जगज्जेते झाले. पण चकती लावली की कार्बोरेटर इंजिनाच्या कुशीतून बाहेर काढावा लागतो. दोन सिलिंडरच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कार्बोरेटर बाहेर आले तर इंजिन इतकं रुंद होतं की रोजच्या वापरात पायच अडतो. शर्यतीत चालतं, दुकानात चालत नाही.

यामाहाने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी दुसरा इलाज उचलला, तो म्हणजे रीड व्हॉल्व्ह. हा शोध त्यांचा नव्हे, बोटींना मागे लावतात त्या इंजिनांत तो आधीपासून होता. यामाहाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आपल्या मोटारसायकलींत आणला, त्याला 'टॉर्क इंडक्शन' असं भारदस्त नाव दिलं, आणि १९७३ ची आरडी ३५० ही त्या कुटुंबातली सर्वांत गाजलेली गाडी ठरली.

रीड म्हणजे काय, हे पेटी उघडून बघितलेल्याला सांगावं लागत नाही. धातूची पातळ पट्टी, एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. आरडीच्या कार्बोरेटर आणि सिलिंडरमध्ये तंबूच्या आकाराचा एक लहानसा ठोकळा असतो, त्याच्या उतारांवर स्टीलच्या पातळ पाकळ्या बसवलेल्या असतात. क्रँककेसमध्ये पोकळी झाली की पाकळ्या आत झुकतात, मिश्रण आत येतं. दाब वाढला की पाकळ्या आपोआप मिटतात, परतीची वाट बंद. इंजिन सावकाश चालत असेल तर दार थोडा वेळ उघडतं, जोरात असेल तर त्या मानाने. कोणी वेळ ठरवून द्यावी लागत नाही, इंजिनाची गरजच दार उघडते. परत फिरण्याची भीती गेल्यावर यामाहाने पिस्टनच्या खालच्या भागाला खिडक्या पाडल्या आणि सिलिंडरला एक जादा पोर्ट दिला, म्हणजे मिश्रणाला आणखी एक वाट. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ७५०० फेऱ्यांना ३९ अश्वशक्ती. त्याच सुमाराची आपली बुलेट ३५० होती १८ च्या घरात.

आता इथे लगेच कोणीतरी म्हणेल, पाहा, ऑर्गनच्या रीडमधून इंजिनाची रीड निघाली! व्हॉट्सॲपवर असली गोष्ट छान पळेल, पण मी ती सांगणार नाही. बोटीच्या इंजिनवाल्यांनी काही ऑर्गन बनवले नव्हते. मात्र दोन्हींमागचं भौतिकशास्त्र एकच आहे, आणि ते बघण्यात खरी मजा आहे. पेटीतली रीड थरथरली पाहिजे, थरथर म्हणजेच सूर. इंजिनातली रीड थरथरता कामा नये. तिने उघडावं आणि मिटावं, बस. ७५०० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरची रीड सेकंदाला १२५ वेळा उघडते-मिटते. हा आकडा पेटीच्या अगदी खालच्या सुरांच्या आसपास येतो. पाकळीची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या इंजिनाच्या चालीशी जुळली की ती मनाने फडफडू लागते, नीट मिटत नाही, ताकद पडते आणि कधी टोकाला चिरा जातात. पाकळी जाड केली तर फडफड थांबते, पण मग सावकाश चालीत ती उघडायलाच कुरकुरते. पेटी लावणारा कारागीर रीडच्या टोकाशी घासून सूर चढवतो, बुडाशी घासून उतरवतो. तो ज्या गणिताशी खेळतो, त्याच गणिताशी इंजिनवाल्याचा झगडा चालतो. फक्त एकाला कंपन हवं असतं, दुसऱ्याला नको.

सायलेन्सरचंही तसंच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नाही. धूर बाहेर पडताना दाबाची लाट निघते, ती नळीच्या फुगीर भागातून पुढे जाऊन अरुंद भागावर आपटून परत येते, आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट नेमक्या क्षणी परत यायला नळीची लांबी आणि आकार बेताचा लागतो, बासरीला लागतो तसा. म्हणून गल्लीत टूम म्हणून सायलेन्सर कापणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तुम्ही बासरी मधून कापताय. आवाज वाढेल, गाडी मंदावेल.

शर्यतीत या ३५० ने काय केलं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली डेटोना दोनशे मैलांची शर्यत म्हणजे तेव्हा ७५० सीसीवाल्यांचं मैदान. १९७२ मध्ये डॉन एमडी आणि १९७३ मध्ये फिनलंडचा यार्नो सारिनेन यांनी ती ३५० सीसीच्या यामाहावर जिंकली. मोठ्या गाड्यांना टायरची आणि पेट्रोलची भूक नडली, धाकटी आपल्या चालीने पुढे गेली. या शर्यतीच्या इंजिनांचा व्यास आणि स्ट्रोक तोच, ६४ आणि ५४. म्हणजे दुकानातून घेतलेली गाडी आणि डेटोनाची गाडी चुलत बहिणी होत्या. सारिनेन त्याच वर्षी मे महिन्यात इटलीत मोंझाच्या शर्यतीत गेला. फार मोठा माणूस होता, त्याच्यावर वेगळा भाग करायला हवा.

अमेरिकेत धुराचे नियम कडक होऊ लागले, १९७६ ला आरडी ४०० आली, १९८० ला पाण्याने थंड होणारं इंजिन आलं. म्हणजे जगात आरडी ३५० जुनी झाली, आणि मग १९८३ मध्ये ती आपल्याकडे नवीन म्हणून आली! येताना काही गोष्टी बदलल्या. ताकद उतरवून साधारण ३० अश्वशक्तीवर आणली. तरीही लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर एवढंच ॲव्हरेज, तेव्हा आणखी उतरवलेली २७ च्या आसपासची आवृत्ती आली. पहिलीला एचटी म्हणतात, दुसरीला एलटी. हाय टॉर्क, लो टॉर्क. गावोगाव आजही "एचटी आहे का एलटी?" हाच पहिला प्रश्न.

दुसरा बदल मला जास्त खटकतो. अमेरिकेत विकलेल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. 'आरडी म्हणजे रॅपिड डेथ' ही म्हण आपल्याकडे कशी पडली, ते यातून कळतं. लोक म्हणतात गाडीच खुनशी. मला ते पटत नाही. बुलेट, येझदीवर हात बसलेला माणूस या गाडीवर बसला. सहा हजार फेऱ्यांपुढे गाडी अचानक अंगात आल्यासारखी पळते, हे त्याला नवं. त्यात टू-स्ट्रोकला इंजिनाचं ब्रेकिंग जवळपास नसतं. बुलेटचा ॲक्सिलरेटर सोडला की ती स्वतःच मंदावते, ही नुसती घरंगळत राहते. सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम तापला की पकड सोडतो. गाडीचा वेग एका जमान्याचा, ब्रेक दुसऱ्या जमान्याचा. पोरं गेली, ही गोष्ट खरी आहे. दोष नुसत्या इंजिनावर ढकलून मोकळं होऊ नये एवढंच म्हणतो.

पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. १९८५ मध्ये शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या. मध्यमवर्गाला ॲव्हरेज हवं होतं, आणि राजदूत ३५० त्या दशकाबरोबरच संपली. १९९० नंतर धुराचे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये कडक झाले, टू-स्ट्रोकचा जमानाच ओसरला. ताज्या मिश्रणाचा बराच वाटा न जळता धुराबरोबर बाहेर जातो, हा या इंजिनाचा जन्मदोष आहे. जुन्या प्रेमाखातर तो लपवण्यात अर्थ नाही.

आता ताडपत्रीखालच्या गाडीकडे.

पहिली गोष्ट, किक मारू नका. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हा या इंजिनाचा भाता आहे. भात्याला छिद्र पडलं तर पेटी वाजत नाही. इथे हवा बाहेर जाते तशी आतही येते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण घटतं, ते जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि जाम होतो. क्रँकच्या दोन टोकांना रबराचे सील असतात. वर्षानुवर्षं पडलेल्या गाडीत ते सुकून कडक होतात. एका बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत येते. क्लचच्या बाजूचा गेला की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा पडतो. लोक समजतात रिंगा गेल्या, आणि सिलिंडर बोअर करून आणतात. बोअर दर वेळी थोडा मोठा होतो, सिलिंडर काही परत लहान होत नाही. आधी हवेचा दाब देऊन गळती तपासायला सांगा. इंजिनाची तोंडं बंद करून पाच-सहा पीएसआय इतका हलका दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. त्यासाठी सायकलचा पंप पुरतो, कंप्रेसर लावलात तर चांगले सीलही फाटतील.

दुसरी गोष्ट, ऑइल पंप. या पंपाचं नाव ऑटोल्यूब, यामाहाने तो १९६४ मध्ये आणला. त्याआधी पेट्रोलमध्ये ऑइल मोजून टाकावं लागे. ऑटोल्यूबला इंजिनाकडून फेरे मिळतात आणि ॲक्सिलरेटरच्या वायरकडून इशारा. दोन्ही बघून तो ऑइल सोडतो. आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकांनी "पंपाचा भरवसा नाही" म्हणून तो काढून टाकला आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सांगितलं. आता विचार करा. इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूरचा घाट लागतो. उतारावर ॲक्सिलरेटर बंद आहे, इंजिन मात्र गिअरमध्ये जोरात फिरतंय. पेट्रोल येत नाही, म्हणून त्यात मिसळलेलं ऑइलही येत नाही. नेमकी गरज असताना पिस्टन कोरडा. पंप असता तर त्याने इंजिनाचे फेरे बघून थोडं तरी ऑइल सोडलंच असतं. तेव्हा पंप शाबूत असेल तर तो ठेवा. नळीतली हवा काढा, वायरची खूण जुळवा, दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकाच वेळी उचलतात का ते पाहा.

तिसरी, रीडचे ठोकळे काढून उजेडाकडे धरा. पाकळी आणि बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, टोकाला कपचा उडालेला दिसला, तर पाकळ्या बदला. तुटलेला तुकडा इंजिनात जायला वेळ लागत नाही.

चौथी गोष्ट कागदांची. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं. दिल्ली परिसरात राहणाऱ्यांनी जुन्या पेट्रोल गाड्यांवरचे न्यायालयाचे ताजे आदेश बघितल्याशिवाय खर्चात पडू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. राजदूत ३५० मधली सर्वांत जुनी गाडी तिथे २०३३ मध्ये पोचेल. म्हणून चेसिस कापणं, दुसऱ्या गाडीचा पुढचा अख्खा भाग ठोकून बसवणं मी टाळायला सांगतो. मूळ सुटे भाग काढलेत तर फेकू नका, तेलाचा हात देऊन पेटीत ठेवा. ब्रेकच्या बाबतीत मात्र हौस बाजूला ठेवा : ड्रम घासून गोल करून घ्या, लायनर नवे टाका, वायर नवी टाका, आणि मगच साठच्या पुढे जा.

विकायची की ठेवायची? घरात कोणी ती हाताने दुरुस्त करणार नसेल, महिन्यातून दोनदा चालवणार नसेल, तर ज्याला करायचं आहे अशा माणसाला द्या. भंगारवाल्याला देऊ नका. ठेवणार असाल तर हे सगळं झाल्यावर पहिला फेरा दहा किलोमीटरांचा मारा, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर नको. चांगल्या वेगात असताना क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या, आणि दोन्ही प्लग काढून बघा. दुधाच्या चहाचा रंग असेल तर ठीक. काळा, ओलसर असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय, घरी जाऊन बघता येईल. दोघांपैकी एकही पांढरा दिसला तर गाडी पुन्हा सुरू करू नका. टेम्पो बोलवा, आणि त्या बाजूचा सील आधी उघडा.